राइट स्पीड पडला? डिस्क बदलण्याआधी रेड कंट्रोलर या क्रमाने तपासा

फाइल झटकन उघडते, पण सेव्ह करायला गेले की सर्व्हर अडून बसतो. नागपुरात रामदासपेठेतल्या निदान केंद्राचा रिपोर्ट असो, कळमन्याच्या अडतीवरची हिशेबपट्टी असो की बुटीबोरीतल्या कारखान्याचे ईआरपी (सगळा कारभार सांभाळणारे सॉफ्टवेअर) असो, लक्षण हेच असते आणि त्यावर होणाऱ्या चुकाही ठरलेल्या असतात. आधी सर्व्हर रीस्टार्ट होतो. मग अंदाजाने एखादी डिस्क बदलली जाते. शेवटी कुणीतरी फोनवर सांगितले म्हणून रेड कंट्रोलरवर, म्हणजे अनेक डिस्क एकत्र सांभाळणाऱ्या कार्डावर, राइट-बॅक (डिस्कवर पोचण्याआधीच ‘लिहून झाले’ म्हणणारी पद्धत) सक्तीने चालू केले जाते.

रीस्टार्टमुळे त्या क्षणाची मोजमापे हातची जातात. चांगली डिस्क उपसली की अ‍ॅरे (एकत्र जोडलेल्या डिस्कचा गट) डिग्रेड होतो, म्हणजे एका डिस्कविना चालतो, आणि रीबिल्डमुळे, म्हणजे तिचा डेटा नव्या डिस्कवर पुन्हा उभा करण्यामुळे, राइट आणखी मंदावतो. सक्तीचे राइट-बॅक त्या दिवशी वेग देते, पण पुढे कधी वीज गेली की डेटाबेस खराब करून ठेवते. हे तिन्ही टाळायचे असेल तर तपासणीचा क्रम पाळावा लागतो. खालचा क्रम मेगारेड, डेलचे पर्क आणि एचपीईचे स्मार्ट अ‍ॅरे अशा हार्डवेअर कंट्रोलरसाठी आहे.

## राइट नेमका कुठे थांबतो

कंट्रोलरवर स्वतःची रॅम असते, तिलाच कॅशे म्हणतात. पर्क एच७३० वर ती १ जीबी आहे, एच७३०पी वर २ जीबी आणि एच७४०पी वर ८ जीबी. राइट-बॅकमध्ये डेटा या रॅममध्ये पोचला की कंट्रोलर सर्व्हरला लगेच ‘लिहून झाले’ असे कळवतो आणि डिस्कवर तो आपल्या सोयीच्या क्रमाने नंतर उतरवतो. राइट-थ्रूमध्ये डेटा डिस्कवर पोचेपर्यंत उत्तरच मिळत नाही. वीज गेली तरी रॅममधला डेटा टिकावा म्हणून बॅटरी किंवा कॅपॅसिटर असतो. त्याचा भरवसा उरला नाही की कंट्रोलर आपणहून राइट-थ्रूवर येतो. याला बिघाड समजू नका, तुमचा डेटा वाचावा म्हणूनच तो असे करतो.

आता फरक किती पडतो ते पाहा. ७२०० आरपीएमच्या डिस्कची एक फेरी ८.३३ मिलिसेकंदांत होते. हेड सरकण्याचा वेळ धरला तर अशी डिस्क सेकंदाला साधारण ७५ ते १०० सुटी कामे करते. रेड ५ वर (रेड ५, ६, १० हे डिस्क जोडण्याच्या रचनेचे प्रकार) एक छोटा राइट म्हणजे चार कामे: जुना डेटा वाचणे, जुनी पॅरिटी (गेलेला डेटा पुन्हा काढता यावा म्हणून ठेवलेली नोंद) वाचणे, नवा डेटा लिहिणे, नवी पॅरिटी लिहिणे. रेड ६ वर हीच सहा होतात, रेड १० वर दोन.

चार डिस्कचा रेड ५ घ्या आणि प्रत्येक डिस्कची ८० कामे धरा. एकूण ३२०, भागिले ४, म्हणजे सेकंदाला ८० राइट. डेटाबेसचे पान ८ केबीचे असेल तर हा वेग सेकंदाला फक्त ६४० केबी झाला. त्याच डिस्क रेड १० मध्ये १६० राइट देतात, रेड ६ मध्ये जेमतेम ५३. आपल्या अ‍ॅरेचा हा आकडा आत्ताच कागदावर काढून ठेवा, पुढे तो सारखा लागेल. मोजलेला वेग या आकड्याच्या आसपास आला, तर डिस्क आपले काम नीट करत आहेत, फक्त मधला कॅशे गायब आहे.

रीड चांगला आणि राइट मेलेला, असे का होते तेही यातून कळते. रीडला पॅरिटीचा हा भुर्दंड नसतो आणि बराचसा रीड सर्व्हरच्या रॅममधूनच भागतो.

## पायरी १: तयारी

१. बॅकअप घ्या आणि तो उघडून पाहा. निदान करताना अ‍ॅरेवर भार येतो, आणि कमकुवत डिस्क अशा भारातच मान टाकते. बॅकअप दुसऱ्या मशीनवर किंवा बाहेरच्या डिस्कवर हवा. त्याच अ‍ॅरेवरचे दुसरे पार्टिशन हा बॅकअप नव्हे.

२. कंट्रोलरचे टूल आधीच टाकून ठेवा. मेगारेडसाठी स्टोरसीएलआय, पर्कसाठी पर्कसीएलआय, स्मार्ट अ‍ॅरेसाठी एसएसएसीएलआय. हे चालू सर्व्हरवर चालते. बायॉसमधल्या मेन्यूत जायला रीस्टार्ट लागतो, म्हणून तो रस्ता शेवटी.

३. कंट्रोलरचा इव्हेंट लॉग आणि पूर्ण ‘शो ऑल’ फाइलमध्ये उतरवून घ्या. काहीही बदलण्यापूर्वीची ही प्रत म्हणजे तुमचा पंचनामा.

४. कंट्रोलरचे घड्याळ पाहा. पुष्कळ कंट्रोलर यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळेवर चालतात. लॉगमधली ०४:३० ही नोंद मग आपल्याकडची सकाळी १० ची असते. हा साडेपाच तासांचा फरक न धरल्यामुळे ‘रात्री काहीतरी झाले होते’ असे चुकीचे निष्कर्ष निघतात.

५. मॉडेल क्रमांक लिहून घ्या. पर्क एच३१० आणि एच३३० वर कॅशे रॅम मुळातच नाही. अशा कार्डावर हरवलेला कॅशे शोधण्यात दिवस घालवू नका, थेट पायरी ८ वर जा.

इशारा: अ‍ॅरेची स्थिती ‘ऑप्टिमल’ नसून ‘डिग्रेडेड’ असेल, तर वेगाचे निदान तिथेच थांबवा. आधी बॅकअप, मग पडलेली डिस्क बदलणे, मग रीबिल्ड. डिग्रेडेड अ‍ॅरेवर वेग मोजून हाती काही लागत नाही, आणि चाचणीच्या भाराने दुसरी डिस्क गेली तर रेड ५ संपला.

## पायरी २: दोष खरोखर डिस्कचाच आहे का

तक्रार चालू असताना मोजा. संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर घेतलेले आकडे दुपारच्या तक्रारीबद्दल काही सांगत नाहीत.

लिनक्सवर आयओस्टॅट (डिस्कच्या कामाचे आकडे दाखवणारी कमांड) विस्तारित रूपात, दर सेकंदाला, किमान ५ मिनिटे चालू ठेवा. पहिली ओळ सोडून द्या. ती सर्व्हर सुरू झाल्यापासूनची सरासरी असते आणि कित्येकजण नेमकी तीच वाचतात. बघायचे तीन रकाने: सेकंदाला किती राइट, एका राइटला सरासरी किती वाट पाहावी लागली, आणि रांग किती लांब. ‘युटिल’च्या टक्केवारीवर भिस्त ठेवू नका. ती एका वेळी एकच काम करणाऱ्या डिस्कसाठी बरोबर आहे. अ‍ॅरेमागे चार-आठ डिस्क एकत्र राबत असतात, त्यामुळे १०० टक्के दिसले तरी क्षमता शिल्लक असू शकते.

विंडोजवर परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये फिजिकल डिस्कचा ‘अ‍ॅव्हरेज डिस्क सेकंद प्रति राइट’ हा काउंटर लावा. आकडा सेकंदांत येतो, म्हणून ०.०२० म्हणजे २० मिलिसेकंद. तो २ मिलिसेकंद समजून ‘सगळे ठीक आहे’ असे सांगितल्याची उदाहरणे कमी नाहीत.

ढोबळ अंदाज असा:

- चालू राइट-बॅकवर छोटा राइट १ ते २ मिलिसेकंदांच्या आत हवा.
- फिरत्या डिस्कवर सतत १५ ते ४० मिलिसेकंद दिसत असतील तर राइट-थ्रूचा संशय घ्या.
- एरवी १ मिलिसेकंद आणि मधूनच अचानक शेकडो मिलिसेकंद, असे असेल तर कॅशे भरून वाहतो आहे किंवा एखादी डिस्क अडखळते आहे.

तपासा: वाट पाहण्याचा वेळ कमी आहे, रांग रिकामी आहे आणि तरीही वापरणारे त्रासलेले आहेत? मग दोष डिस्कचा नाही. अँटिव्हायरस, नेटवर्क, डेटाबेसमधले लॉक, व्हर्च्युअल मशीनचे जुने स्नॅपशॉट तिकडे बघा. कंट्रोलरला हात लावू नका.

## पायरी ३: ठरवलेले धोरण आणि चालू धोरण

सगळ्यात जास्त प्रकरणे इथेच सुटतात, तरी बहुतेकजण इथे सर्वांत शेवटी येतात.

कंट्रोलरवर राइटचे धोरण दोन ठिकाणी नोंदलेले असते. एक, अ‍ॅरे बनवताना तुम्ही ठरवलेले. दुसरे, या क्षणी प्रत्यक्षात चालू असलेले. सेटिंगच्या पानावर ‘राइट-बॅक’ दिसले म्हणून खूश होऊन पुढे जाणे ही या कामातली सर्वांत महागडी चूक आहे. बॅटरी उतरलेली असेल तेव्हा सेटिंग राइट-बॅकच राहते आणि काम राइट-थ्रूने चालते.

स्टोरसीएलआय किंवा पर्कसीएलआयमध्ये सगळ्या व्हर्च्युअल ड्राइव्हची (अ‍ॅरेतून बनलेल्या आणि सर्व्हरला एकेक डिस्क म्हणून दिसणाऱ्या जागांची) यादी काढा. कॅशेच्या रकान्यातल्या अक्षरांत ‘डब्ल्यूबी’ असेल तर आत्ता राइट-बॅक चालू आहे, ‘डब्ल्यूटी’ असेल तर राइट-थ्रू. ‘एडब्ल्यूबी’ दिसले तर कुणीतरी आधीच सक्ती करून ठेवली आहे. त्याच ड्राइव्हच्या सविस्तर माहितीत ‘इनिशियल सेटिंग’ म्हणून मूळ धोरण वेगळे दिलेले असते. दोन्ही शेजारी शेजारी लिहा.

- दोन्ही राइट-बॅक: कॅशे चालू आहे, पायरी ५ वर जा.
- ठरवलेले राइट-बॅक, चालू राइट-थ्रू: कंट्रोलरचा बॅटरीवर विश्वास नाही. पायरी ४.
- दोन्ही राइट-थ्रू: कुणीतरी ते हाताने तसे ठेवले आहे. आधी कारण विचारा, बॅटरी तपासा आणि मगच बदला. एसएसडीच्या अ‍ॅरेवर राइट-थ्रू मुद्दाम ठेवलेले असू शकते. मेगारेडच्या फास्टपाथसाठी (एसएसडीचा वेग वाढवणारी सोय) शिफारसच तशी आहे.

स्मार्ट अ‍ॅरेवर कंट्रोलरच्या सविस्तर माहितीतली कॅशेची स्थिती वाचा. ‘टेम्पररिली डिसेबल्ड’ किंवा ‘पर्मनंटली डिसेबल्ड’ दिसले तर खालच्या ओळीत कारण दिलेले असते. शिवाय कॅशेची वाटणी पाहा: किती टक्के रीडला, किती राइटला. लॉजिकल ड्राइव्हवर (व्हर्च्युअल ड्राइव्हचे एचपीईतले नाव) कॅशिंग चालू आहे का हे वेगळे तपासावे लागते, ते कंट्रोलरच्या सेटिंगवरून गृहीत धरू नका.

इशारा: लॉगमध्ये ‘प्रिझर्व्ह्ड कॅशे’ किंवा ‘पिन्ड कॅशे’ असा उल्लेख असेल तर तो पुसून टाकू नका. तो डिस्कवर न उतरलेला खरा डेटा आहे. ज्या अ‍ॅरेचा तो आहे त्याच्या डिस्क परत जागेवर आल्या की कंट्रोलर तो लिहून टाकतो.

## पायरी ४: बॅटरी, कॅपॅसिटर आणि नागपूरचे ऊन

टूलमध्ये बॅटरीची ‘शो ऑल’ माहिती काढा. कॅपॅसिटरवाल्या कार्डांना कॅशेव्हॉल्टची कमांड वेगळी आहे. बॅटरीची कमांड ‘नाही’ म्हणाली तर लगेच ‘बॅटरी गायब’ असे लिहून टाकू नका, आधी दुसरी कमांड चालवा. मग पुढच्या गोष्टी वाचा.

स्थिती आणि क्षमता. ‘रिप्लेसमेंट रिक्वायर्ड’ किंवा ‘रिमेनिंग कपॅसिटी लो’ या ओळींत ‘येस’ असेल तर निदान झाले. मूळ क्षमता आणि पूर्ण चार्जनंतरची आजची क्षमता यांची तुलना करा. उत्पादनाची तारीखही तिथेच मिळते.

तापमान. लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही. फार तापली की कंट्रोलर चार्जिंग थांबवतो आणि राइट-थ्रूवर येतो, आणि सततच्या उष्णतेने तिचे आयुष्यही घटते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. छोट्या कार्यालयात सर्व्हर जिन्याखालच्या खोलीत किंवा गच्चीला लागून असलेल्या केबिनमध्ये असतो. दुपारी १ ते ५ मंद आणि सकाळी ठीक, असा नमुना नवतपाच्या दिवसांत दिसला, तर बॅटरीचे तापमान दर १५ मिनिटांनी नोंदवा आणि तक्रारीच्या वेळांशी जुळवून पाहा. जुळले तर नवी बॅटरी घालूनही काही उपयोग नाही, आधी खोली थंड करावी लागेल. सर्व्हरच्या पुढच्या बाजूने आत जाणारी हवा १८ ते २७ अंश असावी, अशी अ‍ॅशरे या वातानुकूलनाचे निकष ठरवणाऱ्या संस्थेची शिफारस आहे. मोजताना थर्मामीटर सर्व्हरच्या तोंडाशी धरा. भिंतीवरच्या एसीचा आकडा खोलीच्या दुसऱ्या टोकाचा असतो.

आणि वाळ्याचा कूलर सर्व्हरच्या खोलीत लावू नका, ही कळकळीची विनंती. कूलर चालायला उघडी खिडकी लागते, म्हणजे धूळ आत येते. तो हवेत ओल सोडतो, आणि ओली धूळ हीटसिंकवर व पंख्यांवर थापली जाते. माणसाला गार वाटते, कंट्रोलर मात्र त्या थराखाली तापतच राहतो. १ टनाचा स्प्लिट एसी आणि बंद दार, एवढ्याने छोट्या खोलीचे काम भागते. फक्त वीज परतल्यावर तो एसी आपोआप सुरू होतो का, ते एकदा करून बघा.

लर्न सायकल. बॅटरीवाले कंट्रोलर ठराविक दिवसांनी, मॉडेलनुसार महिन्याने किंवा तीन महिन्यांनी, बॅटरी उतरवून पुन्हा भरतात आणि तिची क्षमता मोजतात. जुन्या मॉडेलवर या काळात, म्हणजे काही तास, राइट-थ्रू चालते. ‘महिन्यातून एकदा अर्धा दिवस सगळे मंद होते आणि मग आपोआप सुधारते’ अशी तक्रार असेल तर लॉगमध्ये लर्नच्या नोंदी शोधा. ही सायकल बंद करायची नसते, तिची वेळ रविवारच्या पहाटेवर न्यायची असते.

लांब सुट्टी. दिवाळीत आठवडाभर बंद असलेल्या सर्व्हरची बॅटरी उतरते. उघडल्यावर ती भरेपर्यंत काही तास राइट मंदच राहतो. अशा वेळी संध्याकाळपर्यंत थांबा आणि चार्ज वाढतो आहे का ते बघा. कॅपॅसिटर काही मिनिटांत भरतो, त्याला अर्धा दिवस लागत असेल तर तो खराब आहे.

इशारा, सक्तीच्या राइट-बॅकबद्दल: ‘यूपीएस आहे ना’ हे उत्तर पुरेसे नाही. यूपीएस फक्त भिंतीतली वीज सांभाळतो. सर्व्हरचा पॉवर सप्लाय जळाला, मदरबोर्ड गेला, कुणाच्या पायाने केबल निघाली, कुणी पॉवर बटण दाबून धरले, तर यूपीएस बघत राहतो आणि कॅशेतला डेटा जातो. त्यातही राइट अर्धवट झाल्यामुळे फाइल सिस्टिम किंवा डेटाबेस आतून तुटतो आणि ते पुष्कळदा काही दिवसांनी कळते. बॅटरी येईपर्यंत निभवायचे असेल तर जड आयात आणि रिपोर्ट रात्री चालवा, बॅकअपची वेळ बदला. रुग्णांचे रिपोर्ट किंवा हिशेब असलेल्या सर्व्हरवर सक्ती करू नका.

## पायरी ५: मागे चालू असलेली कामे

कॅशे ठीक आहे आणि तरी मंद? मग अ‍ॅरेवर दुसरे कोण लिहिते-वाचते आहे ते पाहा. रीबिल्ड, कन्सिस्टन्सी चेक (डेटा आणि पॅरिटी जुळते का ते पाहणे), पॅट्रोल रीड (खराब भाग शोधत डिस्क वाचत जाणे), आणि नव्या अ‍ॅरेवर बॅकग्राउंड इनिशियलायझेशन (पॅरिटी पहिल्यांदा तयार करणे), या चारही कामांची प्रगती टूलमध्ये टक्क्यांत दिसते. मेगारेडवर या कामांचा दर साधारणतः ३० टक्के ठेवलेला असतो.

कन्सिस्टन्सी चेकची वेळ पुष्कळ कंट्रोलरवर आठवड्यातून एकदा, शनिवारी पहाटे ३ ची असते. कंट्रोलरचे घड्याळ यूटीसीवर असेल तर आपल्याकडे ती सकाळी साडेआठची होते, आणि मोठ्या डिस्कवर हे काम दिवसभर चालते. ‘दर शनिवारी सॉफ्टवेअर मंद’ या तक्रारीचे उत्तर बहुधा इथेच सापडते. वेळ बदला. काम कायमचे बंद केले तर डिस्कवरचे खराब भाग रीबिल्डच्या दिवशीच समोर येतील, आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो.

रीबिल्ड चालू असेल तर तो पूर्ण होऊ द्या. वेगासाठी त्याचा दर कमी करणे म्हणजे अ‍ॅरे संरक्षणाविना जास्त तास ठेवणे.

## पायरी ६: सगळ्यांना मागे ओढणारी एक डिस्क

अ‍ॅरेचा राइट सर्वांत संथ डिस्कच्या चालीने चालतो. पूर्ण मेलेली डिस्क कंट्रोलर बाहेर काढतो, पण अर्धमेली डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते आणि प्रत्येक राइट अडवते.

१. प्रत्येक डिस्कचे तीन आकडे एका कागदावर लिहा: मीडिया एरर, अदर एरर, प्रेडिक्टिव्ह फेल्युअर.

२. दोन तासांनी तेच पुन्हा लिहा. जुना स्थिर आकडा फारसे सांगत नाही, वाढणारा आकडा सांगतो.

३. स्मार्टसीटीएलने (डिस्कने स्वतः ठेवलेली प्रकृतीची नोंद, म्हणजे स्मार्ट, वाचणारे टूल) कंट्रोलरमागच्या डिस्क एकेक वाचा. मेगारेडसाठी त्यात डिव्हाइसचा प्रकार ‘मेगारेड’ आणि डिस्कचा क्रमांक द्यावा लागतो, नाहीतर फक्त व्हर्च्युअल ड्राइव्ह दिसतो आणि स्मार्टची माहिती मिळत नाही. साटा डिस्कवर ५, १९७ आणि १९८ हे खराब सेक्टरचे गुणधर्म बघा. सॅस डिस्कवर ‘ग्रोन डिफेक्ट लिस्ट’ (वापरात वाढलेल्या खराब जागांची यादी).

४. साटावरचा १९९ हा सीआरसी एररचा आकडा वाढत असेल तर डिस्क बदलू नका. तो केबल, बॅकप्लेन (डिस्क जिथे जोडल्या जातात तो मागचा बोर्ड) किंवा नीट न बसलेल्या कॅडीचा (डिस्कच्या चौकटीचा) दोष आहे. नवी डिस्क त्याच खाचेत घातली की तीही तशीच वागते, आणि मग दोष नसलेल्या दोन डिस्क भंगारात जातात.

५. प्रत्येक डिस्कचा लिंक स्पीड बघा. सगळ्या ६ गिगाबिटवर आणि एकच १.५ वर असेल तर पुन्हा केबल आणि खाच.

डेस्कटॉपच्या डिस्क सर्व्हरमध्ये घातलेल्या असतील तर आणखी एक अडचण येते. खराब सेक्टर लागला की अशी डिस्क तो वाचण्यासाठी दीर्घ काळ झगडत राहते. सर्व्हरच्या डिस्क साधारण ७ सेकंदांत हार मानून कंट्रोलरला कळवतात आणि कंट्रोलर पॅरिटीतून डेटा उभा करतो.

इशारा: डिस्क उपसण्यापूर्वी टूलमधून तिचा दिवा लुकलुकवा आणि सीरियल क्रमांक जुळवा. पुष्कळ सर्व्हरवर खाचांची मोजणी शून्यापासून सुरू होते, तिथे ‘तिसरी डिस्क’ म्हणजे खाच २. रेड ५ मध्ये चुकीची डिस्क उपसली आणि खरी आजारी डिस्क मागे राहिली, तर रीबिल्ड पूर्ण होण्याची खात्री उरत नाही.

## पायरी ७: कार्ड आणि स्लॉट

हे लवकर उरकते. लिनक्सवर एलएसपीसीआयच्या सविस्तर माहितीत कार्डाची क्षमता आणि मिळालेली लिंक शेजारी दिसते. आठ लेनचे कार्ड चार किंवा एका लेनवर चालत असेल तर स्लॉट चुकीचा आहे किंवा कार्ड नीट बसलेले नाही. कार्डाच्या चिपचे तापमान टूलमध्ये बघा. टॉवर सर्व्हरचे झाकण काढून टेबल फॅन लावणे या कार्डांना मारक ठरते, कारण आतला वारा हीटसिंकवर नेणारा रस्ताच तुटतो. लॉगमध्ये कॅशे मेमरीच्या ईसीसी एररच्या (मेमरीत सापडलेल्या चुकांच्या) नोंदी असतील तर कार्ड किंवा त्याची मेमरी बदलावी लागेल.

## पायरी ८: वेगाची चाचणी, तीही नीट

चाचणी इतक्या उशिरा का? कारण कॅशे बंद असताना किंवा रीबिल्ड चालू असताना मोजलेला वेग फक्त घबराट पसरवतो.

फाइल कॉपी करून वेग मोजू नका. डीडी ही कमांड साध्या रूपात चालवली तरी ती सर्व्हरच्या रॅमचा वेग दाखवते. एफआयओ हे चाचणीचे टूल वापरा, विंडोजवर डिस्कस्पीड. दोन्हीत सर्व्हरचा कॅशे टाळणारा ‘डायरेक्ट’ पर्याय चालू हवा.

- पहिली चाचणी: यादृच्छिक राइट, ८ केबी, रांग १ (एका वेळी एकच राइट). डेटाबेसच्या एका व्यवहाराला काय अनुभव येतो ते कळते.
- दुसरी: तेच, रांग ३२. एकत्रित क्षमता कळते.
- तिसरी: सलग राइट, १ एमबी. बॅकअप आणि मोठ्या फाइलींसाठी.

चाचणीची फाइल कंट्रोलरच्या कॅशेच्या किमान चौपट घ्या. २ जीबी कॅशे असताना १ जीबीची फाइल घेतली तर डिस्कला हात न लागताच चाचणी संपते. प्रत्येक चाचणी ५ मिनिटे चालवा. पहिले काही सेकंद उंच आणि मग घसरण, हा राइट-बॅकचा स्वाभाविक आलेख आहे: कॅशे भरला आणि खऱ्या डिस्क उघड्या पडल्या. घसरल्यानंतरचा आकडा सुरुवातीला कागदावर काढलेल्या आकड्याशी ताडून बघा. त्याच्याएवढा किंवा थोडा जास्त असेल तर अ‍ॅरे निरोगी आहे.

इशारा: एफआयओला लक्ष्य म्हणून फाइलचे नाव द्या. डिव्हाइसचे नाव दिलेत तर ते थेट डिस्कवर लिहिते आणि फाइल सिस्टिम पुसून टाकते, ‘नक्की का’ असे विचारतही नाही.

निरोगी असूनही मंद वाटत असेल तर रचनाच कामाला पुरणारी नाही. तिथे सेटिंगशी खेळत बसू नका.

कॅशे नसलेल्या कार्डावर रेड ५ असेल, आणि त्यावर ईएसएक्सआय (व्हर्च्युअल मशीन चालवणारी व्हीएमवेअरची प्रणाली) चालत असेल, तर परिस्थिती सर्वांत वाईट. ईएसएक्सआय स्वतः राइट साठवत नाही, कंट्रोलरच्या उत्तराची वाट पाहतो. कॅशेवाले कार्ड घ्या किंवा रेड १० करा.

एसएमआर प्रकारच्या (डेटाचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) डिस्क सुरुवातीला छान चालतात आणि त्यांचा आतला राखीव पट्टा भरला की राइट कोसळतो, रीबिल्ड तर रखडतच जातो. मॉडेल क्रमांकावरून उत्पादकाच्या माहितीपत्रकात सीएमआर (पट्टे वेगळे ठेवणारी साधी डिस्क) की एसएमआर ते आधी बघा. पॅरिटी असलेल्या अ‍ॅरेत एसएमआर डिस्क नको.

सीताबर्डीच्या बाजारातून आणलेली घरगुती एसएसडी हाही एक सापळा आहे. वीज गेल्यास आतला डेटा राखणारे कॅपॅसिटर तिच्यात नसतात, त्यामुळे ‘खरोखर लिहून झाले का’ असे विचारणाऱ्या राइटला ती बरीच मंद पडते. शिवाय पुष्कळ रेड कंट्रोलर ट्रिमची (कोणती जागा रिकामी झाली हे सांगणारी) सूचना तिच्यापर्यंत पोचवत नाहीत. घ्यावीच लागली तर १५ ते २० टक्के जागा पहिल्यापासून अ‍ॅरेबाहेर रिकामी सोडा.

## पायरी ९: बॅटरी बदलताना आणि बदलल्यावर

सर्वाधिक वेळा शेवट बॅटरी बदलण्यात होतो, म्हणून तेवढे सविस्तर.

१. नवी बॅटरी घेताना मॉडेलबरोबर उत्पादनाची तारीख विचारा. पेटीबंद असली तरी लिथियम बॅटरी पडून पडून म्हातारी होते. दोन-तीन वर्षे जुना साठा नवा म्हणून घेऊ नका. फुगलेली दिसली तर लावूच नका.

२. सर्व्हर व्यवस्थित शटडाउन करा, म्हणजे कॅशे डिस्कवर उतरतो. मग दोन्ही पॉवर केबल काढा.

३. कार्डावर कॅशेचा दिवा असेल तर तो बघा. तो लागलेला किंवा लुकलुकत असेल तर आत अजून न लिहिलेला डेटा आहे. बॅटरी काढू नका. सर्व्हर पुन्हा सुरू करा, अ‍ॅरे पूर्ण वर येऊ द्या आणि परत शटडाउन करा.

४. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात अंगावर स्थिर वीज साचते. मनगटाची पट्टी लावा, किंवा निदान चेसिसच्या उघड्या धातूला हात लावून मगच कार्डाला शिवा.

५. कनेक्टर एकाच दिशेने बसतो, जोर करू नका. केबल पंख्याच्या वाटेत येत नाही ना, बघा.

६. सुरू केल्यावर लगेच वेग मोजू नका. चार्ज आणि पहिली लर्न सायकल व्हायला काही तास लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पायरी ३ पुन्हा करा: ठरवलेले आणि चालू धोरण, दोन्ही राइट-बॅक हवे. निदान करताना कुणी सक्ती लावली असेल तर ती याच वेळी काढून साधे राइट-बॅक करा, नाहीतर पुढची बॅटरी गेल्याचे वेगावरून कधीच कळणार नाही.

७. पायरी ८ मधली पहिली चाचणी चालवा आणि आकडा, तारीख, बॅटरीचे तापमान, सगळे एका कागदावर लिहून सर्व्हरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. कंट्रोलरच्या सूचना ईमेलवर येतील अशी सोय करा. सर्व्हर दुरून सांभाळण्याच्या सोयीतून ती होते: डेलवर आयड्रॅकमधून, एचपीईवर आयएलओमधून. बॅटरीची क्षमता आणि लर्नची पुढची तारीख दर वर्षी फेब्रुवारी संपण्याआधी, ऊन तापायच्या आत, एकदा वाचून घ्या.